आसरांना छप्पर

आमच्या आसरांना डोक्यावर छप्पर मिळालं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आईला झाला होता, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकलं की लोकांना वाटतं, आम्ही पहिल्या दिवसापासून तोंडं पाडून बसलो होतो. तसं काही नव्हतं. विंझरच्या पुढं मोठा रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की आमची वाडी, आणि वाडीच्या वर, उंबराखाली, एक झरा. झऱ्याच्या तोंडाशी लांबट काळा खडक आणि त्या खडकावर शेंदराच्या सात बाया, ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीला चांदीचे इवले इवले डोळे. साती आसरा. पाण्याच्या देवता त्या, पाण्याजवळ उघड्यावरच राहणार. श्रावणात धो धो पाऊस लागला की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "बाया भिजत आसतील गं." चैत्रात म्हणायची, "बाया तापल्या आसतील." जशा काही तिच्या सात नणंदाच वर रानात राहायला गेल्या होत्या. आबा चिडवायचे, "मग छत्री न्हिऊन दे की त्यास्नी." आई म्हणायची, "तुमाला काय, तुमी कोरडं हायसा."

ते रान आबांचं आणि चुलत्यांचं सामाईक. चुलते पुण्याला, त्यांना विकायचं होतं. आबांना विकायचं नव्हतं. सामाईकात 'नको' म्हणणाऱ्याचं कुठं चालतं? मोजणीवाला आला त्या दिवशी मी कॉलेज बुडवून रानात हजर. मी तेव्हा भोरला शिकत होते. विंझरहून एसटी, नसरापूरला उतरून दुसरी गाडी, आणि एवढं करून पोचेस्तोवर पहिला तास संपलेला. तेव्हा एखादा दिवस बुडाला तर कॉलेजला कळायचंही नाही. मोजणीवाला सरळ माणूस होता. उंबरापाशी आल्यावर त्यानं स्वतःहून विचारलं, "आबा, देवाची जागा वेगळी काढायची का? तेवढी नकाशात सोडून देतो." आबांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "न्हाई न्हाई, रावसाहेब. देव मोजायचा नसतो. देवावरनं साखळी न्हेली की देव मानसाचा झाला. तुमी आपलं वळसा घालून जावा."

आमच्याकडं ही रीतच होती. साखळ्या जाऊन तिपाईवरची यंत्रं आली, तरी रीत तीच. देवाला मापात धरायचं नाही, कागदावर घालायचं नाही. सातबाऱ्यावर माणसं असतात, देव कशाला असेल? मोजणीवाला म्हणाला, "तुमची मर्जी." त्यानं वळसा घातला, चार कोपऱ्यांना हद्दीचे चार दगड रोवले, आणि त्या चार दगडांच्या आत जे काही होतं ते सगळं, झरा, उंबर, खडक, बाया, खरेदीखतात गेलं. आम्हाला कुणी फसवलं नाही. फसवलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. घेणारे साहेब पुण्याचे, अगदी सभ्य. आबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "देव तुमचेच आहेत. कधीही या." आणि हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला, हेही मला सांगितलंच पाहिजे.

मग ऋजुता मॅडम आल्या. साहेबांचं घर बांधणाऱ्या आर्किटेक्ट. मी तोपर्यंत घर बांधणारा म्हणजे गवंडी एवढंच जाणत होते. ह्या बाई चपला काढून झऱ्यात पाय सोडून बसायच्या आणि तास तास नुसत्या बघत राहायच्या. कधी डोंगराच्या धारेकडं, कधी उंबराच्या फांद्यांकडं. वाडीतली माणसं म्हणायची, बाईला लागिर झालंय. दुपारी आमच्याकडं जेवायला यायच्या. नाचणीची भाकरी, हुलग्याचं शेंगोळं, एकदा खेकड्याचं कालवण केलं तर बाईंनी नांग्या अशा फोडल्या की आबा आईला म्हणाले, "ही आपल्यातलीच दिसती." जुनी घरं कशी होती, वासे कुठल्या लाकडाचे, भिंतीला शेणकाला कसा लावायचा, सगळं विचारायच्या. त्यांना कारवीच्या कुडाच्या भिंती हव्या होत्या. आमचा कूड पाडून आम्ही नुकत्याच कुठं विटा घातल्या होत्या आणि त्याचा आईला केवढा तोरा होता. ती पदर तोंडाला लावून हसली. "आमी कूड मोडून इटा घातल्या, आन ह्या इटा सोडून कूड घालत्यात. येड्याचा बाजार हाय का काय!"

पण घर उभं राहायला लागलं आणि माझं हसू बंद झालं. सबंध हिवाळाभर वडारांच्या छिन्न्यांचा टकटक आवाज डोंगरात घुमायचा, सकाळी मशेरी लावायच्या वेळेपासून ते दिवेलागणीपर्यंत. तो थांबला की कान बधिर वाटायचे. हिथलाच काळा दगड, हिथलीच कारवी, हिथलीच माती. छपराचा उतार मागच्या डोंगराच्या उताराला असा धरलेला की खालच्या रस्त्यावरून बघितलं तर घर दिसायचंच नाही. उंबराला हात लावला नव्हता. छपराला भोक ठेवलं होतं आणि उंबर त्यातून वर गेला होता. झरा घराच्या बैठकीतच निघायचा आणि दगडी पन्हाळीतून, जमिनीतल्या जमिनीत, खळखळत पलीकडं जाऊन खाचरात उतरायचा. अंधाऱ्या कुडात वाढून नुकतीच विटांच्या चौकोनी खोक्यात आलेली पोर मी, माझे डोळे फाटायचे बाकी राहिले. घर असंही असतं? मी त्या घराच्या प्रेमात पडले, दुसरा शब्द नाही. पुढची एवढी वर्षं पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढण्यात गेली ती त्या घरापायीच. डोळे मिटले की त्या बैठकीतला उजेड अजून दिसतो. कुणी मला म्हणालं की ते घर वाईट होतं, तर आजही मी भांडेन.

मॅडमनी पहिल्याच दिवशी आबांना सांगितलं होतं, "आबा, इथला एक दगडसुद्धा आम्ही हलवणार नाही." नाही हलवला. आसरांचा खडक जिथं होता तिथंच राहिला, फक्त त्याच्याभोवती बैठक आली. आईनं विचारलं, "म्हंजी बाया आता घरात ऱ्हायच्या?" मॅडम म्हणाल्या, "हो मावशी. ऊन नाही, पाऊस नाही." आईनं त्या संध्याकाळी पुरण घातलं. आबांना साहेबांनी रखवालीला ठेवलं, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या करगोट्याला आला, आणि आई वाडीभर सांगत सुटली की बायांची राखण आमच्याच घरात राहिली.

काम चालू असताना खडकावर गोणपाट टाकलेलं असायचं. आई वर गेली की आबा बाहेरूनच परतवायचे. "सिमिट उडतंय, काचा पडल्यात, आत जाऊ नगंस." ती बाहेरून उंबराच्या बुंध्याला हात लावून यायची. मग तायडी बाळंतपणाला आली, आणि आईला वर जायला सवड अशी राहिलीच नाही.

तायडी म्हणजे माझी थोरली बहीण, किकवीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्या मधल्या खोलीत खाट, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाळंतशेपेचा वास. आईनं आळिवाची खीर करावी, डिंकाचे लाडू वळावेत आणि त्यातले निम्मे मी चोरून खावेत, असा तो महिना गेला. पोरगं काळंसावळं, गुटगुटीत, रडायला लागलं की सरपंचाच्या भोंग्यासारखं. आणि सगळ्यांच्या मनात एकच तारीख: सव्वा महिना झाला की किकवीची माणसं न्यायला येणार. त्याआधी पोराला आसरांच्या पायावर घालायचं होतं.

आमच्या घरात जन्मलेलं मूल, लेकाचं असो की लेकीचं, आसरांच्या पायावर घातल्याशिवाय, झऱ्याच्या पाण्याचं बोट ओठाला लावल्याशिवाय, वाडीची शीव ओलांडत नाही. एकदाच ओलांडली होती. तायडीच्या पाठचा, माझ्या आधीचा, आमचा एक भाऊ होता. चार दिवसांचा असताना ताप भरला म्हणून त्याला तसाच भोरला दवाखान्यात नेला, आणि तो परत आला नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं असेल. आईनं ते कधी ऐकून घेतलं नाही. तिचं कारण ठरलेलं होतं. मी कॉलेजात शिकणारी, मला ते पटायचं नाही, पण आईच्या तोंडावर तसं म्हणायची माझी छाती नव्हती. ज्या बाईचं मूल गेलंय तिला कुणी काय शिकवायचं?

"कवा न्हेऊया पोराला?" आई विचारायची. आबा म्हणायचे, "बघू." दोन दिवसांनी परत, "बघू की." आई तापली. "किल्ली तुमच्या कमरंला, आन बघायचं काय त्यात?" आबा खाली मान घालून म्हणाले, "किल्ली माजी हाय, घर न्हाई. इचाराय पायजे." शेवटी गोठ्यामागच्या उंचवट्यावर, जिथं मोबाईलला रेंज यायची तिथं उभं राहून त्यांनी फोन लावला. साहेबांच्या बायकोनं, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, फोन घेतला आणि इतकी गोड बोलली! "अहो, विचारता काय, नक्की या. उलट बरंच झालं, त्याच दिवशी एका मासिकाची माणसं घराचे फोटो काढायला येणार आहेत. मावशींना नऊवारी नेसून यायला सांगा." फोन ठेवून आबा तिथंच उभे राहिले. म्हटलं, रेंज गेली का काय. गेला होता त्यांचाच जीव, पण ते आम्हाला नंतर कळलं.

किकवीची गाडी दुपारी यायची होती. सकाळीच आई, आबा, मी आणि पोर असे चौघं वर निघालो. तायडी घरी सामान बांधत होती. आईनं लग्नातली हिरवी नऊवारी नेसली होती. पाटीत ओटी, हिरव्या बांगड्या, नारळ, दहीभात, आणि तेलात कालवलेल्या शेंदराची डबी. आबा सगळ्यांच्या मागं चालत होते. एरवी ह्या चढाला ते पुढं असतात.

आत गेलो. आईनं पायऱ्यांवरच पाय धुतले, पदराला पुसले. ती त्या बैठकीत पहिल्यांदाच येत होती. गार, शांत, पाण्याचा आवाज, आणि उंबराच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा नेमका खडकावर पडलेला. मॅडम होत्या, वहिनी होत्या, फोटो काढणारा आपलं स्टँड लावत होता. आई पोर छातीशी धरून बैठकीच्या मध्यावर गेली, समोर बघितलं, मग डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बाया कुठं हायत गं?"

मला कळेना काय सांगावं, कारण मलाही दिसत नव्हत्या. खडक होता. स्वच्छ, काळाभोर, त्यात पांढऱ्या बारीक रेघा, पाण्यानं तुकतुकणारा. इतका देखणा दगड मी जन्मात पाहिला नव्हता. वर काहीच नव्हतं. मॅडम पुढं आल्या. "मावशी, समोरच आहेत ना. वरचे तेलकट थर तेवढे काढले. बघा ना, मूळ दगड किती सुंदर आहे! आबांना विचारूनच केलंय सगळं."

आईनं आबांकडं बघितलं. "कुनी काढलं?"

"म्या," आबा म्हणाले.

आबा बोलायला लागले ते फरशीकडं बघून. "त्यांनी इचारलं, रंग काडला तर चालंल का. म्या म्हनलो, तुमी शिकल्यासवरल्या, तुमाला म्या काय सांगावं." आता आमच्याकडं ह्याचा अर्थ 'करू नका' असा होतो. लहान पोरालाही कळतं. दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून असं म्हणायचं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "आबा, मग नाही म्हणायचं ना मला! मी कशाला..." त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते खरं होतं. मी शेजारीच उभी होते.

"न्हाईच म्हनलो व्हतो," आबा पुटपुटले. मग आईला म्हणाले, "पालिशवाली पोरं आली तारंचा बुरूश घिऊन. बुटं घालून वर चडाय लागली. म्हनलं, सरा बाजूला, परक्याचा हात नगं. ऊन पानी केलं, नारळाची शेंडी घेतली, आन म्याच काडलं हळूहळू. त्यास्नी लागू नये म्हनून. सगळा शेंदूर नदीत सोडला, डोळं बी सोडलं."

"आन खाली?" आईनं विचारलं.

आबांनी मान हलवली. "खाली सात न्हाईत गं. येकच दगुड हाय."

सात बाया नुसत्या शेंदराच्याच होत्या. आईनं लावला, आजीनं लावला, तिच्या सासूनं, तिच्याही सासूनं; बोट बोट करत त्या तेवढ्या झाल्या होत्या. आबांना हे कळलं ते शेंडीनं घासता घासता, एकट्याला, आणि ते त्यांनी गोणपाटाखाली झाकून ठेवलं होतं. रोज घरी येऊन जेवत होते, आणि आई विचारत होती, बाया बऱ्या हायत का, आणि ते म्हणत होते, बऱ्या हायत.

आईनं पोर माझ्याकडं दिलं आणि डबी उघडली. बोट शेंदरात बुडवलं. मॅडम चाचरत म्हणाल्या, "मावशी, तेलाचा डाग दगडात मुरतो, तो परत..." वहिनी मोठ्या मनाच्या, त्या म्हणाल्या, "असू दे गं, लावू दे त्यांना. नंतर पुसून घेता येईल." आईनं बोट पदराला पुसलं आणि डबीचं झाकण लावलं. तिनं आरडाओरडा केला असता, पाटी भिरकावली असती, तर मला बरं वाटलं असतं. मी तरी काय केलं, पोर धरून उभी राहिले. सगळी माणसं चांगली, सगळी माणसं हळहळणारी, अशा ठिकाणी भांडायचं तरी कुणाशी?

मग तिनं पोर परत घेतलं आणि खडकापाशी वाकली. वाकली आणि तशीच थांबली. पाय कुठले, तेच तिला कळेना. ती थोडी डावीकडं सरकली, परत उजवीकडं आली. फोटोवाला हळूच म्हणाला, "मावशी, एवढं एक करा, बाळाला त्या उजेडात ठेवा." आणि आईनं त्याचं ऐकलं. दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. तिनं नातवाला कवडशात ठेवलं, पाण्याचं बोट त्याच्या ओठाला लावलं. खटाखट फोटो निघाले. त्यातला एक मासिकात आला; माझ्या ऑफिसातल्या पोरींनी पुढं कुठून तरी शोधून काढून भिंतीला लावला होता, माझी आई आहे हे माहीत नसताना. उजेड खरंच फार सुंदर पडलाय त्यात.

दुपारी किकवीची जीप आली. तायडीच्या सासूनं पोराला मांडीवर घेतलं, काजळाची तीट लावली आणि विचारलं, "आसरांच्या पायावर घातलं न्हवं?" तायडीनं आईकडं बघितलं, मी चुलीकडं बघितलं. आई म्हणाली, "घातलं की." जीप शिवेच्या म्हसोबापाशी वळेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत आली आणि भिंतीला टेकून जी रडली! "माजं नातू तसंच गेलं गं. तसंच गेलं." आबा उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "मला काय बी बोल. मार मला." आई रडता रडता म्हणाली, "तुमाला मारून बाया येत्यात व्हय?" दहीभात तसाच पाटीत राहिला, संध्याकाळी शेरडाला घातला.

पोरगं ठणठणीत वाढलं, हे सांगायला हवं, नाहीतर लोक मला फोन करून विचारतात. आता किकवीत त्याचं गॅरेज आहे आणि त्याच्या पोटाकडं बघून कुणी म्हणणार नाही की ह्याला कुठल्या देवानं टाकलं. पण आई होती तोवर त्याच्या साध्या पडशाची खबर आली तरी तिचा घास हातात थांबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कामावर निघाले. आम्हाला वाटलं, आता जाणार नाहीत. पण ते गेले नसते तर दुसरा कुणी आला असता, किल्ली त्याच्याकडं गेली असती, आणि मग एवढंही राहिलं नसतं. आईनं त्यांच्याकडं न बघताच भाकरीचं फडकं हातात दिलं आणि वर कागदाची एक पुडी ठेवली. कुंकवाची. "कुनी नसलं की लावा," ती म्हणाली. "सात. गाडी वाजली की पुसा." आबांनी पुडी छातीच्या खिशात घातली.

रखवाली सुटेपर्यंत त्यांनी ते केलं. सुट्टीत एकदा मीच भाकरी घेऊन वर गेले होते. घरात कुणी नव्हतं. आबा खडकासमोर उकिडवे बसले होते आणि पाण्यानं ओल्या बोटानं कुंकू लावत होते. एक बोट लावायचं, हात जोडायचे, पुढं सरकायचं, दुसरं लावायचं. काळ्या दगडावर सात लाल बोटं ओळीनं उभी राहिली आणि क्षणभर मला त्या दिसल्या, सगळ्या, डोळ्यांसकट. मीही हात जोडले. मला न पटणाऱ्या देवाला मी तेवढी एकदाच मनापासून हाक मारली असेन. तेवढ्यात खालच्या वळणावर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. आबांनी खांद्यावरचं फडकं झऱ्यात बुडवून पिळलं, डावीकडून उजवीकडं एकदाच हात फिरवला, आणि सातही पुसून फाटक उघडायला पळत गेले.